धाकटा बाजा, थोरला बाजा

कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी तुम्ही कधी बाजा विकत घ्यायला गेला आहात का?

आम्ही गेलो. सगळं घर गेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे किस्सेच किस्से झालेत! लूमच्या कारखान्यात कापसाची बारीक रुई कशी साठते, माहीत असेल तुम्हाला. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा पंख्यावर, खिडकीच्या गजांवर, माणसांच्या भुवयांवर पांढरा थर. आमच्या शुक्रवारच्या बैठकीतले किस्सेही तसेच. कोणी मुद्दाम जमवले नाहीत, बसल्या जागी साठत गेले.

बैठक म्हणजे फार मोठं काही नाही. भिवंडीत लूमला शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की सलीमभाई ढोलक घेऊन आमच्याकडे येतात. त्यांचा छोटा कारखाना आहे आणि आमचे हे तिथे जॉबर आहेत, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. यांची धाकटी बहीण वनिता अंजूरहून रिक्षाने येते. गाते ती. आमची प्रज्ञा एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे, तिलाही शुक्रवारीच सुट्टी. ती टाळ्या धरते. मी चहा करते आणि धृपदाला आवाज देते.

जयंतीची गाणी, हळदीची गाणी, सलीमभाईंच्या आवडीची एखादी कव्वाली, असं सगळं चालतं. हे बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं एका हाताने दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, तो बेंजो. लग्नाआधीपासून वाजवायचे. मला माहेरी, दिघाशीला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलाला काही छंद?" तेव्हा वनिता मध्येच म्हणाली होती, "दादा बेंजो वाजवतो. दुसरा काय बोलतच न्हाय तो!"

*

लूमच्या शेडमध्ये कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. इतका खडखडाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथली माणसं ओठ बघतात आणि हाताने बोलतात. चहा आला, मालक आला, बॉबिन संपली, सगळ्याला खुणा.

त्यातली एक खूण आमच्या बैठकीत आली. धागा तुटला, याची खूण. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना जुळवायच्या आणि झटकन लांब करायच्या. कोणी बेसूर झालं की सलीमभाई ढोलक थांबवून ही खूण करतात. ज्याला केली त्याने राग मानायचा नाही. मुकाट्याने थांबायचं, धागा जोडायचा, पुढे जायचं. हा आमचा नियम.

एकदा शेजारच्या बारशाला आम्ही गायला बसलो होतो. पाहुण्यांपैकी एक काका हौसेने उठले आणि त्यांनी पाळणा धरला. पहिल्याच ओळीत सूर सुटला. सलीमभाईंनी सवयीने खूण केली. काकांनी बघितलं, मान डोलवली आणि शेवटचं अक्षर लांबवलं. सलीमभाईंनी पुन्हा खूण केली. काकांनी आणखी लांबवलं! तिसऱ्यांदा तर ते श्वास संपून लालच झाले.

खाली बसल्यावर ते सलीमभाईंना म्हणाले, "तुम्ही ताणा ताणा म्हणत होतात, पण माझी इतकीच ताकद हो!"

सलीमभाई हात जोडून म्हणाले, "चाचा, बहोत ताणलंत!"

*

यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. लूमवरच्या माणसाचं कळतच नाही. तो ओठ बघून इतकं बरोबर उत्तर देतो, की ऐकूनच बोलतोय असं वाटावं. मी पाठमोरी काही बोलले की हे गप्प. मला वाटायचं, थकलेत.

शेवटी प्रज्ञाने धरून दवाखान्यात नेलं. तिथे काचेची खोली असते. यांना आत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. तपासणारी मुलगी काचेबाहेर बसली. "काका, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं."

यांनी एकही चुकवला नाही!

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या, "काकांचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत."

त्या कागदाकडे बघत बोलल्या होत्या. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणाल्या?"

मग उलगडा झाला. ती मुलगी आवाज सोडताना तिचा अंगठा हलायचा. हे काचेतून तिचा अंगठा बघत होते. तिने सांगितलेलं काम चोख करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. लूमकडे बघावं तसे बघत बसले होते.

पुन्हा तपासणी झाली, भिंतीकडे तोंड करून. या वेळी बटण फार कमी दाबलं गेलं. मी काचेबाहेर उभी होते. त्यांची पाठ दिसत होती आणि बटणावर तयार ठेवलेलं बोट.

डॉक्टरीणबाईंनी नीट, समोर बसून सांगितलं. बारीक, उंच आवाज गेलेत. जाड, खालचे आवाज थोडे शिल्लक आहेत. गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळा. त्यांनी कानात घालायचं मशीनही दिलं. बोलणं त्याने थोडं समजतं. पण गाणं ऐकलं, की हे म्हणतात, "पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटतं." म्हणून शुक्रवारी ते मशीन काढून ठेवतात.

*

बेंजोचा आवाज बारीक. तारा उतरल्या की ऐकून चढवाव्या लागतात.

एका शुक्रवारी यांनी तारा लावल्या आणि वाजवायला घेतलं. सुरुवातीलाच आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सलीमभाई ढोलक बघत बसले. प्रज्ञाने टाळ्या मोठ्याने वाजवायला सुरुवात केली. मी आत जाऊन उगाच चहात पाणी वाढवलं. पण गायचं होतं वनिताला. त्या सुरांवर तिला गाताच येईना. शेवटी तिने हात वर केले, चिमट्या जुळवल्या आणि झटकन लांब केल्या.

हे थांबले. तारा पुन्हा लावल्या. आधीपेक्षा जास्त चुकल्या.

मग यांनी बेंजोवर फडकं टाकलं आणि म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा. मी ऐकतो."

पुढच्या शुक्रवारी दुपारी शर्ट घालून निघाले. मी विचारलं, "कुठे?" म्हणाले, "ड्युटी आहे."

शुक्रवारी कसली ड्युटी! सगळ्या भिवंडीत लूम बंद! पुढच्या शुक्रवारीही तेच. मग सलीमभाई शोधत गेले. बंद कारखान्यात हे एका लूमला तेल देत बसले होते.

"मास्टर, ये लूम तर चांगला चालतो."

"म्हणून तर," हे म्हणाले. "पूर्वी बिघडला की नुसता ऐकून कळायचा. आता चालणाराही बघून ठेवावा लागतो."

सलीमभाईंनी आमच्याकडे येऊन हे सांगितलं आणि डोळ्यांवर रुमाल धरला. म्हणाले, "भाभी, मला ढोलक वाजवायला मास्टर पाहिजे. माझ्याने एकट्याने न्हाय होणार."

*

कीबोर्डची कल्पना प्रज्ञाची. ती म्हणाली, "आई, त्याला तारा नसतात. तो कधी उतरत नाही. आणि त्यात अरेंजर म्हणून प्रकार असतो. डाव्या हाताने एक सूर धरला की मागे अख्खा बँड वाजतो. ढोलकी, बास, सगळं. पप्पांना जाड आवाज ऐकू येतात ना?"

मग रोज संध्याकाळी फोनवर व्हिडिओ. एक मुलगा दोन कीबोर्ड समोर ठेवून बोलायचा. एक छोटा, हलका, आपल्याकडच्या पुष्कळ ठेक्यांचा, सेलवरही चालणारा. दुसरा मोठा, जास्त पट्ट्यांचा, तळाशी भले थोरले स्पीकर, पण आपले ठेके कमी, वजन फार आणि लाइटशिवाय चालत नाही. किंमत जवळजवळ सारखी, म्हणून तर पंचाईत! त्या मुलाची गाडी पट्ट्यांवर, बटणांवर, वायरींवर किती वेळ चालली. आम्ही जेवण थांबवून ऐकत होतो. शेवटी तो म्हणाला, "तुमची गरज काय आहे त्यावर अवलंबून आहे."

वनिता उसळलीच. "एवढा बोलला आन शेवटाला आपल्यालाच इचारतो? मंग हा कशाला बसलाय?"

तिने छोट्याचं नाव धाकटा ठेवलं, मोठ्याचं थोरला. तिचं मत आधीच ठरलं होतं. "धाकटा बरा. माज्या नातीएवढा हाय. काखेत मारून रिक्षात बसेन. हळदीला नेता येल. आमच्यात लाइट जातात, सेलवर चालेल."

*

कल्याणच्या दुकानात आम्ही पाच जण शिरलो. दुकानदाराने धाकटा चालू केला, एक ठेका लावला आणि हात काढून घेतला. ठेका चालूच राहिला.

वनिता दोन पावलं मागे सरली. "वयनी, हात उचलला तरी वाजतोय! आत कोन हाय?"

सलीमभाई म्हणाले, "आवाज वाढवा." दुकानदाराने वाढवला. "और वाढवा." वाढवला. सलीमभाईंचेही कान लूमचेच! शेवटी शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस येऊन विचारून गेला, "उद्घाटन आहे का?"

धाकट्यात ढोलकी होती, हलगी होती, कव्वालीचा ठेका होता. सलीमभाई तर लहान मुलासारखे एकेक बटण दाबून बघत होते. "सुनो, सुनो, ये सुनो!" वनिताने तिथेच उभ्या उभ्या हळदीचं एक कडवं म्हणून टाकलं. प्रज्ञाला तो हलका वाटला, घरात ठेवायला सोपा वाटला. सगळे खूश.

हे मागे उभे होते. मग पुढे आले आणि त्यांनी धाकट्याच्या कडेला तळहात ठेवला. लूमच्या चौकटीवर ठेवतात तसाच. चालत्या लूमवर हात ठेवला की आतलं काय ढिलं आहे ते त्यांना कळतं.

दुकानदार म्हणाला, "काका, पट्ट्या दाबून बघा ना. बाजूला हात काय लावताय?"

यांनी हात काढला. थोरल्याकडे गेले. दुकानदाराने तो चालू केला. यांनी हात ठेवला. तळाचे स्पीकर घुमून त्याची सगळी चौकट थरथरत होती. दुकानदाराने चहा मागवला, तो आला, आमचे कप रिकामे झाले, तरी हात तिथेच होता. चहा तसाच थंड झाला.

"मग काय, मास्टर?" सलीमभाईंनी समोर येऊन विचारलं. "कोणता?"

यांनी सलीमभाईंकडे बघितलं. वनिताकडे बघितलं. तिने धाकटा जवळजवळ काखेत मारलाच होता.

"धाकटा मस्त आहे," हे म्हणाले.

मी त्यांच्या समोर गेले. म्हटलं, "अहो, तुम्हाला थोरला आवडला असेल तर..."

"थोरला ठेवणार कुठे? डोक्यावर? दिवाण बाहेर काढावा लागेल. आणि त्यात ढोलकी कुठे आहे धड? आपली माणसं काय गातील त्याच्यावर?" असं म्हणून हसले. "धाकटाच घ्या."

दुकानदार सलीमभाईंच्या ओळखीचा होता. म्हणाला, "खोका फेकू नका. महिनाभर वाजवा. पटला नाही तर बदलून देतो." दोन्हीत काय काय आहे ते त्याने इतकं सांगितलं, की सेल द्यायचे राहून गेले. सलीमभाई म्हणाले, "सेल मैं लाऊंगा. माझी जबाबदारी!"

*

पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे आवरून, नवे कपडे घालून बसलो होतो. यांनी चादर अंथरली, धाकटा मांडला, वायर लावली. बेंजोची बोटं त्यांची, पट्ट्या पटकन बसल्या. प्रज्ञाने डाव्या हाताचे सूर शिकवले होते. वनिताने पाळणा म्हणायचं ठरवलं.

यांनी ठेका सुरू केला. सलीमभाईंनी ढोलकावर हात टाकला आणि तसाच वर धरला. कान दिला. मग म्हणाले, "मास्टर, हा तर आपला दाराजवळचा लूम चालतोय!"

खरंच. ठेक्याचा वेग यांनी बटणाने वाढवत वाढवत लूमच्या वेगाला नेऊन ठेवला होता. अंगात तोच वेग बसलेला. सगळी गाणी त्याच वेगाने!

वनिता म्हणाली, "दादा, या पाळण्याला बाळ झोपायचा न्हाय, उठून ड्युटीला जायचा!"

हे ओठ बघत होते, त्यांना कळलं. केवढे हसले. किती दिवसांनी त्यांना तसं हसताना बघत होते मी. वेग कमी केला आणि पाळणा झाला. शेवटी हे म्हणाले, "मस्त आहे धाकटा. एकदम मस्त."

सेल आले नव्हते. सलीमभाई म्हणाले, "अगले जुम्मे को पक्का, भाभी."

*

दुसऱ्या शुक्रवारी वेगळंच झालं. वनिताने आवणीचं गाणं धरलं. यांची आई भात लावताना म्हणायची ते. चिखलात वाकून, सगळ्या बाया मिळून. या दोघांना ते लहानपणापासून पाठ. तरी हे मध्येच चुकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच ठिकाणी चुकले.

सलीमभाईंनी खूण केली. हे थांबले.

मला दिसलं काय होतंय ते. हे वाजवताना पट्ट्यांकडे बघतच नाहीत. वनिताच्या ओठांकडे बघतात. आणि वनिताला सवय, वरचा सूर आला की पदर तोंडावर धरायची. लग्न होऊन सासरी गेली तेव्हापासूनची. भावासमोर असो, परक्यासमोर असो, पदर वर जाणारच.

मी म्हटलं, "वनिता, पदर."

तिला आधी कळलं नाही. मग तिने यांच्याकडे बघितलं. हे तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

तिने पदर ओढून कमरेला घट्ट खोचला, जसा शेतात उतरताना खोचतात. "चल दादा," म्हणाली. "बघ माज्याकडं."

त्या दिवसापासून ती तशीच गाते. गाणं पूर्ण झालं. यांनी बंद करायचं बटण दाबलं, बोटं मोडली आणि म्हणाले, "ढोलकी काय छान वाजते याच्यात!"

त्या दिवशी प्रज्ञाने ढोलकी लावलीच नव्हती. दुसरा, नुसता टाळांचा ठेका लावला होता. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला मानेनेच नको म्हटलं. म्हटलं, चुकून बोलले असतील.

सेल त्या दिवशीही आले नाहीत. सलीमभाईंनी स्वतःच्या डोक्यात टपली मारली. "अगले जुम्मे को, भाभी. कसम से."

*

तिसरा शुक्रवार. थंडीचे दिवस होते, म्हणून पंखा बंद. दुपारचं ऊन खिडकीतून चादरीवर आलेलं, म्हणून ट्यूबलाइटही नाही. लूम बंद असले की आमची गल्ली इतकी शांत होते, की लांबच्या रिक्षाचा हॉर्नही ऐकू येतो.

वनिता पदर खोचून यांच्या समोर बसली. पुन्हा आवणीचंच गाणं. यांनीच सांगितलं, "आईचं घे."

ठेका सुरू झाला. सलीमभाईंचा ढोलक त्यात मिसळला. पहिलं कडवं छान झालं. मी धृपदाला आवाज दिला, प्रज्ञाच्या टाळ्या चालू होत्या. दुसऱ्या कडव्याला वनिता वर चढली आणि लाइट गेले.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी जातात कधीकधी.

धाकटा बंद पडला. ढोलकी थांबली, बास थांबला, सूर थांबले. घरात एकदम नुसता वनिताचा आवाज राहिला आणि सलीमभाईंचा ढोलक. सलीमभाईंचा हातही थांबला.

हे वाजवत होते.

डावा हात सूर बदलत होता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर चालत होती. पट्ट्यांचा नुसता टक टक आवाज येत होता, नखांनी लाकडावर वाजवावं तसा. डोळे वनिताच्या ओठांवर. पाय ठेका धरून हलत होता. चेहरा इतका समाधानाचा, की काय सांगू.

वनिताने कडव्याच्या मध्ये माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ओठ थांबले असते तर हेही थांबले असते. ती गात राहिली.

सलीमभाईंचे दोन्ही हात सवयीने वर आले. चिमट्या जुळल्या. मी त्यांच्याकडे बघत होते, प्रज्ञाही बघत होती. त्या चिमट्या तशाच जुळलेल्या राहिल्या. किती तरी वेळ. मग त्यांनी हात तसेच हळूहळू खाली आणले, ढोलकावर ठेवले आणि ठेका पुन्हा धरला, यांच्या पायाकडे बघत.

मी धृपद म्हटलं. प्रज्ञाने टाळ्या धरल्या. तिसरं कडवं झालं. वनिताने शेवटची ओळ दोनदा म्हणायची ती तीनदा म्हटली. हे तिच्याबरोबर बरोबर थांबले. एक सूरही पुढेमागे नाही.

यांनी बंद करायचं बटण दाबलं. बोटं मोडली.

"आज जमलं ना?" त्यांनी विचारलं.

सलीमभाई त्यांच्या समोर सरकले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, "एकदम बराबर, मास्टर."

"धाकटा मस्तच आहे," हे म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. वनिता पदर सोडून तोंड पुसत होती. सलीमभाईंनी खिशातून सेलचं पाकीट काढलं, त्या दिवशी आठवणीने आणलं होतं, आणि पुन्हा खिशात ठेवलं. प्रज्ञाने कपाटावरचा खोका खाली काढला. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ड्युटीला गेल्यावर सलीमभाई कारखान्याचा टेम्पो घेऊन दारात आले. आम्ही धाकटा दुकानात परत केला, थोरला घरी आणला आणि दिवाण बाहेर काढून त्याच्या जागी मांडला.